म्हैसूरचा राजवाडा एका दिवसात: संध्याकाळच्या दिव्यांपासून उलटा आखलेला बेत

बेंगळुरूत मुलाकडे किंवा बहिणीकडे आलेलं कुटुंब एक दिवस म्हैसूरला जातंच. बेत बहुधा सकाळपासून पुढे आखला जातो: आधी श्रीरंगपट्टण, मग चामुंडी टेकडी, मग प्राणीसंग्रहालय, मग राजवाडा आणि शेवटी वृंदावन गार्डन. राजवाड्याच्या वाट्याला दुपारी चारचा थकलेला तास येतो, आणि त्याची रोषणाई सुरू होते तेव्हा मंडळी गार्डनमधल्या कारंज्याच्या रांगेत उभी असतात. म्हणून बेत संध्याकाळच्या सातपासून मागे आखावा. सात वाजता राजवाड्यासमोर, पायात त्राण शिल्लक असलेल्या अवस्थेत उभं राहायचं आहे, हे एकदा ठरलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आधी वार ठरवा

राजवाडा रोज सकाळी १० ते संध्याकाळी ५:३० उघडा असतो, साप्ताहिक सुट्टी नाही. पूर्ण वेळेची रोषणाई मात्र एरवी फक्त रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना, संध्याकाळी ७ ते ७:४५ असते. सुमारे ९७ हजार दिवे एकाच क्षणी लागतात. म्हणजे ज्या दिवशी दिवे, त्याच दिवशी सगळ्यात जास्त गर्दी, आणि त्याला पर्याय नाही. कुटुंबासोबत पहिल्यांदाच जात असाल तर रविवार घ्या आणि गर्दीला वेळेने चकवा. दहाच्या ठोक्याला आत शिरलात तर पहिला तास-दीड तास बराच मोकळा मिळतो. अकरा-साडेअकरानंतर बेंगळुरूहून आलेल्या सहलींच्या बसगाड्या पोहोचतात आणि आतल्या रस्त्याची मुंग्यांची रांग होते.

दिव्यांचं आकर्षण नसेल, वृद्धांना आतलं काम शांतपणे बघायचं असेल, तर मधला वार चांगला. फक्त डिसेंबरच्या आसपास शाळांच्या सहली मधल्या वारीही असतात, त्यामुळे त्या महिन्यात मंगळवार-बुधवारला फार शांतता मिळेल अशी आशा धरू नका.

दसऱ्याचा विचार वेगळा करावा. त्या दिवसांत रोषणाई रोज असते, एरवी न दिसणारं सोन्याचं सिंहासन जोडून मांडलं जातं, शहरही सजलेलं असतं. पण राजघराण्याच्या खासगी दरबाराच्या आणि पूजेच्या वेळी राजवाडा पर्यटकांना बंद ठेवतात, आणि या वेळा दरवर्षी तिथीप्रमाणे बदलतात. हॉटेलांचे दर चढतात, रस्ते वळवलेले असतात. लहान मुलं आणि सत्तरीपुढची माणसं बरोबर असतील तर पहिली भेट दसऱ्यात नको.

जायचं कसं

बेंगळुरूहून रस्त्याने अंतर साधारण १४५ किलोमीटर. २०२३ मध्ये खुला झालेला द्रुतगती मार्ग त्यातले ११८ किलोमीटर व्यापतो. कागदावर दीड तास दिसतो, पण शहरातून बाहेर पडण्याचा वेळ धरून घरापासून अडीच ते तीन तास मोजा. सहाला निघालात तर वाटेत थांबूनही साडेनऊपर्यंत राजवाड्यापाशी पोहोचता. सातला निघालात तर बेंगळुरूच्या वेशीवरच्या केंगेरीच्या आधीच पाऊण तास जाऊ शकतो, आणि मग सगळा दिवस त्या पाऊण तासाच्या मागे धावत राहतो.

द्रुतगती मार्गाबद्दल दोन गोष्टी. वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि कॅमेरे बसवलेले आहेत, दंडाची पावती घरी येते. दुसरी गोष्ट मुलांच्या आईवडिलांसाठी: हा रस्ता गावांना वळसा घालून जातो, त्यामुळे मुख्य मार्गावर खाण्याची किंवा स्वच्छतागृहाची सोय हवी तेव्हा सापडेल असं नाही. सर्व्हिस रोडवर उतरावं लागतं आणि परत चढायला पुढची जागा शोधावी लागते. थांबा आधीच ठरवून घ्या. बिडदीला ताटलीएवढी तट्टे इडली खायची किंवा मद्दूरला वडा खायचा, पण एकच. खाऊन, हात धुऊन, सगळ्यांना गाडीत बसवून चाळीस मिनिटं जातात, वीस नाही.

रेल्वेने दोन ते तीन तास लागतात, आणि वृद्धांना हा प्रवास रस्त्यापेक्षा सोपा जातो. म्हैसूर स्टेशन राजवाड्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर आहे, बसस्थानक त्याहून जवळ, साधारण एक किलोमीटरवर. जाताना आरक्षित रेल्वे आणि येताना एसटीसारखी सरकारी बस, ही जोडी रविवारी सगळ्यात निर्धास्त. रोषणाई संपल्यावर हजारो माणसं एकदम बाहेर पडतात, त्या गर्दीतून वाट काढून ठरावीक वेळेची गाडी पकडायची म्हणजे जीव टांगणीला. बस सुटली तर पुढची मिळते.

स्टेशनवर किंवा बसस्थानकावर एखादा रिक्षावाला हमखास सांगतो, ‘राजवाडा आत्ता बंद आहे, बाराला उघडेल, तोवर चंदन-रेशमाचं दुकान दाखवतो.’ राजवाडा बंद नसतो. दुकानाकडून मिळणारं कमिशन असतं. ‘नको’ म्हणा आणि दुसरी रिक्षा घ्या. रिक्षात बसताना नुसतं ‘पॅलेस’ म्हणू नका, ‘वराह दरवाजा’ म्हणा. आवाराला चारी बाजूंनी दरवाजे आहेत, पण पर्यटकांचा प्रवेश दक्षिणेकडच्या वराह दरवाजातून आहे. उत्तरेच्या बाजूला उतरलात तर आजीला तटाच्या कडेकडेने भलतंच चालावं लागतं, आणि तेही तिकीट काढायच्या आधी.

दहा: फोटो आधी, राजवाडा नंतर

राजवाड्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट दर्शनी बाजूवर पडतं, करड्या दगडावरचे गुलाबी-लाल घुमट त्या वेळी खुलून दिसतात. दुपारनंतर सूर्य इमारतीच्या मागे जातो. तेव्हा काढलेल्या कौटुंबिक फोटोत माणसं काळी आणि आभाळ पांढरं येतं. म्हणून आत गेल्या गेल्या समोरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं देऊन सगळ्यांचा एकत्र फोटो उरकून टाका. ‘येताना काढू’ म्हणालात की गेलाच.

मुलांना इथेच उभं करून राजवाड्याची गोष्ट सांगावी, कारण आत थांबून बोलायला जागा मिळत नाही. या जागी आधी लाकडी राजवाडा होता. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्षम्मण्णींच्या लग्नसोहळ्यात आग लागली आणि तो जळाला. राजा कृष्णराज वडियार चौथे तेव्हा लहान होते, कारभार त्यांच्या आई महाराणी केंपनंजम्मण्णी पाहत होत्या. त्यांनी हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाला नव्या राजवाड्याचं काम दिलं. सिमल्याचं व्हाइसरॉयचं निवासस्थानही त्याचंच. १९१२ मध्ये हा राजवाडा पुरा झाला. दर्शनी भागाचा आणि दरबार हॉलचा विस्तार पुढे १९३०च्या दशकात झाला. मधला मनोरा १४५ फूट उंच आहे.

आग ही गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसवा, कारण आत दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचं उत्तर तिच्यात आहे. इतका दगड का, लोखंडाचे खांब का, लाकूड फक्त दारांना आणि छताच्या काही भागांना का. मुलांना आत पाठवताना हा एक प्रश्न हातात दिला तर ती स्वतःच शोधत फिरतात.

चपला, मोजे आणि स्वच्छतागृह

आत अनवाणी जावं लागतं. हा नियम साधा वाटतो, पण सहलीचे सगळ्यात जास्त हाल याच टप्प्यावर होतात.

घरातून निघतानाच एक मोठी कापडी पिशवी घ्या. सगळ्यांच्या चपला-बूट त्या एकाच पिशवीत घालून स्टँडवर द्या, म्हणजे सहा जोडांची सहा टोकनं सांभाळावी लागत नाहीत. टोकनाचा मोबाईलवर फोटो काढा आणि ते एकाच मोठ्या माणसाच्या पाकिटात ठेवा. परत येताना स्टँडपाशी रांग असते आणि अनवाणी उभं राहून टोकन शोधणं फार त्रासाचं होतं.

चपला काढल्यापासून इमारतीत शिरेपर्यंतचा काही भाग उघड्यावर आहे. दहा वाजता तिथली फरशी गार असते. दीड-दोन वाजता, विशेषतः मार्च ते मे, तिच्यावर पाय टेकवत नाही. सकाळी लवकर जाण्याचं हे दुसरं कारण. उशीर होणारच असेल तर जुने सुती मोजे बरोबर ठेवा. फक्त आतल्या गुळगुळीत फरशीवर आणि जिन्यावर मोजे घसरतात. आत शिरल्यावर लहान मुलांचे आणि आजी-आजोबांचे मोजे काढून खिशात घाला. गुडघेदुखी आणि मोजे यांची जिन्यावर गाठ पडू देऊ नका.

स्वच्छतागृहाला आत जाण्याआधी जाऊन यावं, लागलेली नसली तरी. आतला रस्ता एकेरी आहे, गर्दी मागून पुढे ढकलत असते, आणि चार वर्षांच्या मुलाला मध्येच घेऊन उलट्या दिशेने बाहेर पडणं जवळपास अशक्य. बाबागाडीचा उपयोग नाही, जिने आहेत. तान्ह्या बाळाला पोटाशी बांधायची झोळी किंवा कॅरिअर घ्या. ज्यांना जिना झेपत नाही त्यांच्याबद्दल प्रवेशाजवळच्या कर्मचाऱ्यांना आधीच विचारून घ्या. अर्धा रस्ता गेल्यावर विचारलं तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

आत: कुठे थांबायचं आणि कुठे नाही

सुरुवातीला गोंबे तोट्टी, म्हणजे बाहुल्यांचं दालन लागतं. इथे सगळे थबकतात, कारण उत्साह ताजा असतो. तुम्ही मात्र बाहुल्या झटपट पाहा आणि वेळ अंबारीसाठी ठेवा. सोन्याने मढवलेली ही अंबारी ७५० किलोची. विजयादशमीला हत्तीच्या पाठीवर ती चढवतात, तिच्यात चामुंडेश्वरीची मूर्ती असते आणि मिरवणूक राजवाड्यापासून सुमारे पाच किलोमीटरवरच्या बन्नीमंटपापर्यंत जाते. मुलांना वजन सांगताना ‘तुझ्यासारखी तीस मुलं’ असं सांगा, मग तोंडाचा आ होतो.

पुढे पितळी हत्ती दरवाजा. त्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी आहे. म्हैसूरच्या राजघराण्याचं हे चिन्ह पुढे ठिकठिकाणी भेटत राहतं. ‘आणखी कुठे दिसला की सांग’ एवढं सांगितलं तर सहा ते दहा वर्षांची मुलं रस्ता संपेपर्यंत कंटाळत नाहीत.

मग कल्याण मंडप, लग्नाचा अष्टकोनी हॉल. इथे वीस मिनिटं द्या, बाकी कुठे घाई झाली तरी चालेल. मंडपाच्या मध्यावर लगेच जाऊ नका, तिथे सगळ्यांचे हात वर फोटोसाठी गेलेले असतात. भिंतीच्या कडेला उभं राहून आधी वर पाहा: रंगीत काचेच्या छतात मोर आहेत, आणि ऊन वर चढतं तसे त्यांचे निळे-हिरवे रंग उजळत जातात. मग खांबाकडे या. रंगामुळे तो लाकडाचा किंवा दगडाचा वाटतो, पण ओतीव लोखंडाचा आहे, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून आणलेला. ज्या घराण्याचा राजवाडा लग्नात जळाला, त्याने लग्नाचा मंडप लोखंडाचा केला. बाहेर सांगितलेली गोष्ट इथे मुलांना आपसूक आठवते.

मंडपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची तैलचित्रं आहेत, एकूण २६. एकेक चित्र सुटं पाहू नका. चालताना एका दिशेने ओळीने पाहत गेलं की मिरवणूक सरकल्यासारखी वाटते: हत्ती, घोडेस्वार, वाद्यवृंद, गच्च्यांमधून पाहणारी माणसं. खालच्या कोपऱ्यांतली साधी माणसं, त्यांचे फेटे आणि लुगडी बघा. राजापेक्षा त्यांच्यातच जास्त मौज आहे.

जिना चढून वर गेलं की सार्वजनिक दरबार हॉल. १५५ फूट लांब, ४२ फूट रुंद, आणि एक बाजू सगळी उघडी. खांबांच्या रांगांमधून समोर मैदान आणि लांबवर चामुंडी टेकडी दिसते. वारा असतो, उजेड असतो. थकलेल्या मंडळींनी श्वास घ्यायची जागा हीच. इथल्या भिंतीवर राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. ज्याची छापील चित्रं आपल्या आजीच्या देवघरात होती आणि ज्याचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला होता, तोच हा चित्रकार, हे मोठ्यांना सांगितलं की तेही थांबून पाहतात.

शेवटी अंबाविलास, खासगी दरबाराचं दालन. निळ्या-सोनेरी खांबांनी डोळे दिपतात आणि मग सगळं एकसारखं दिसायला लागतं. म्हणून दोनच गोष्टी ठरवून पाहा. एक दारं: शिसवी लाकडात हस्तिदंताची जडणघडण, आणि चांदीचं दार. दुसरी फरशी: संगमरवरात रंगीत दगड बसवून काढलेली वेलबुट्टी, ताजमहालात असते तशी. मुलं उंचीने जमिनीच्या जवळ असतात, ती फरशी मोठ्यांच्या आधी पाहतात.

एवढं नीट पाहायला दीड ते दोन तास लागतात. त्याहून कमी वेळ लागला तर गर्दीने ढकललंय असं समजा. राजघराण्याच्या वस्तूंचं निवासी संग्रहालय मागच्या बाजूला आहे, त्याला वेगळं तिकीट पडतं. मुलं दमली असतील तर ते सोडून द्या, काही बिघडत नाही.

दुपार: एकच गोष्ट निवडा

सव्वाबाराला बाहेर आलात तर एकच्या आधी जेवायला बसता. रविवारी एकनंतर चांगल्या खानावळींत रांगा लागतात.

दोन ते पाच या वेळेत एकच ठिकाण करायचं. आठ वर्षांखालची मुलं असतील तर प्राणीसंग्रहालय. १८९२ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय राजवाड्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे आणि मंगळवारी बंद असतं. मात्र पूर्ण फेरी तीन किलोमीटरच्या पुढे जाते. सकाळचे दोन तास आणि ही फेरी मिळून वृद्धांचे पाय बोलायला लागतात. त्यांना आत नेऊ नका, सावलीत बसवा किंवा खोली घेऊन आडवं होऊ द्या.

मोठी मुलं आणि चित्रांची आवड असलेली माणसं असतील तर जगन्मोहन राजवाडा. तो राजवाड्यापासून चालत जाण्याइतका जवळ, १८६१ चा. जुना राजवाडा जळाल्यावर राजघराणं इथे राहत होतं आणि कृष्णराज वडियार चौथे यांचा १९०२ चा राज्यारोहण सोहळाही इथेच झाला. आता तिथे चित्रसंग्रहालय आहे. हातात समई धरलेल्या, ओंजळीने ज्योत जपणाऱ्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र इथलं. ते रविवर्म्याचं समजून लोक पुढे जातात, पण ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आणि तेही तैलरंगात नाही, जलरंगात. चित्रासाठी समोर उभी राहिली ती त्यांची मुलगी. जलरंगात एकदा पडलेला काळोख पुसता येत नाही, त्यामुळे बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड कागदाचाच राखलेला आहे, हे जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. दुरुस्तीच्या कामामुळे काही दालनं बंद असू शकतात, म्हणून तिकिटाच्या खिडकीवर ‘हळदणकरांचं चित्र पाहायला मिळेल ना’ हे विचारूनच आत जा.

चामुंडी टेकडी आणि वृंदावन गार्डन या दिवशी वगळा. टेकडीचा रस्ता राजवाड्यापासून बारा-तेरा किलोमीटरचा आहे आणि रविवारी दर्शनाची रांग किती वेळ घेईल याचा भरवसा नसतो. वृंदावन गार्डन शहरापासून वीस किलोमीटरवर. तिथलं संगीत कारंजं संध्याकाळीच सुरू होतं आणि नेमकं रोषणाईच्या वेळेवर येतं. दोन्ही होईल म्हणणाऱ्या ड्रायव्हरचं ऐकलं तर दोन्हीचं अर्धं अर्धं पाहून परत याल.

पाच ते सहा हा तास देवराज मार्केटला द्यावा. फुलांचे ढीग, कुंकवाचे रंगीत डोंगर, मोजून दिली जाणारी केळी. शेजारच्याच रस्त्याचं नाव सयाजीराव रोड, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांवरून पडलेलं. म्हैसूरपाक इथेच घ्या, पण पाव-पाव किलोच्या पुड्यांत बांधून. तुपाचा ताजा म्हैसूरपाक एका मोठ्या डब्यात गाडीत तीन तास हलला की घरी पोहोचेपर्यंत त्याचा गोळा होतो.

संध्याकाळ: दिवे

सव्वासहाला परत राजवाड्याकडे या. पावणेसातला आलात तर दरवाजापाशीच अडकाल. आत आल्यावर सगळे नाकासमोर इमारतीच्या जवळ धावतात; तुम्ही उलट मागे, मैदानाच्या पूर्वेकडच्या टोकाकडे जा. जवळून फक्त दिव्यांच्या ओळी दिसतात, लांबून राजवाड्याचा आकार दिसतो. लहान मुलांना खांद्यावर घ्यायची जागाही मागेच मिळते. मुलाच्या खिशात मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि हरवलं तर भेटायची खूण ठरवून घ्या. ‘दरवाजापाशी’ असं मोघम सांगू नका, दरवाजे अनेक आहेत.

दिवे लागण्याचा क्षण फोनच्या पडद्यातून पाहू नका, पहिली पाच मिनिटं डोळ्यांना द्या. फोटोंना पुढे चाळीस मिनिटं आहेत. फोन अंधाराच्या हिशेबाने उजेड वाढवतो, त्यामुळे राजवाडा पांढरा फटक येतो. पडद्यावर राजवाड्यावरच बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, मग एकेक दिवा सुटा दिसतो. जून-जुलैत सूर्य पावणेसातनंतर मावळतो, त्यामुळे सात वाजता आभाळ अजून निळं असतं आणि फोटो सगळ्यात छान येतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या आसपासच मावळतो. तेव्हा मागे काळोखच असतो, निळ्या आभाळाची वाट पाहू नका.

दिवे विझेपर्यंत थांबलात तर गर्दीबरोबर बाहेर पडावं लागतं. लहान मुलं असतील तर साडेसातलाच निघा. नाहीतर विझल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसून राहा आणि लोंढा ओसरू द्या. रिक्षा राजवाड्याच्या दरवाजावर घेऊ नका; एक चौक चालत पुढे गेलं की भाडंही माणसासारखं सांगतात.

परतीची रेल्वे घेतलीच असेल तर नऊच्या आधीची नको. स्वतःची गाडी असेल तर जेवण म्हैसूरलाच उरकून निघा, कारण रात्री द्रुतगती मार्गावर खाण्याची सोय शोधत फिरणं सकाळपेक्षा अवघड. रविवारी रात्री सगळं बेंगळुरू परत येत असतं आणि केंगेरीच्या पुढे वाहनं खोळंबतात. आठला निघालेली गाडी तिथे नेमकी त्या गर्दीत सापडते. जेवून नऊ-सव्वानऊला निघालेली बरीच सुटी जाते.